तीन टिंबांचा पिंजरा

बोल्टने बसवायच्या पिंजऱ्याचं नाव काढलं की पक्केमास्तरांचं डोकं फिरायचं. "त्यापेक्षा लोखंडी कॉट घ्या, झोपायला तरी होईल," असं म्हणून ते असे काही बघायचे की समोरचं गिऱ्हाईक ओशाळून म्हणायचं, "नाही हो मास्तर, मी आपलं सहज विचारलं."

पिंजरा म्हणजे पोपटाचा नव्हे. चांगला रस्ता सोडून दगडधोंड्यांत, ओढ्यानाल्यांत गाड्या घालणारी हौशी माणसं असतात, घरी सुख बोचत असतं त्यांना. अशी गाडी कधी ना कधी उलटतेच. ती उलटली की छत चेपून आतल्याच्या मानेवर येऊ नये म्हणून आतून जाड पाइपांचा सांगाडा बसवतात, तो हा पिंजरा. बसवायच्या तऱ्हा दोन. एका तऱ्हेत पिंजरा बाहेर तयार होऊन सुट्ट्या भागांत येतो. पिंजऱ्याच्या प्रत्येक पायाखाली एक पोलादी पाटी, गाडीच्या तळाखालून दुसरी पाटी, दोन्हींतून आरपार बोल्ट, झालं काम. हवा तेव्हा काढता येतो, पण बोल्ट सैल पडतात, अधूनमधून आवळत बसावे लागतात. दुसऱ्या तऱ्हेत पाइप त्या गाडीच्याच मापाने वाकवायचे, कापायचे आणि जागच्या जागी वेल्डिंगने जोडायचे. पाय तळाला कायमचे चिकटतात आणि गाडी नि पिंजरा एकच होऊन जातात. तो काढायचा म्हटलं तर कापावाच लागतो. मास्तरांनी आयुष्यभर हेच दुसरं काम केलं.

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी विचारलंच नव्हतं. "मास्तर, परवा गाडी मिळेल?" "पक्कं." "टिकेल ना हो?" "पक्कं." असं करता करता ते पक्केमास्तर झाले. वय एकसष्ट, उजव्या मनगटावर ठिणग्यांचे पांढरे डाग, आवाज असा की ग्राइंडर चालू असतानाही शेजारच्या टायरवाल्याला ऐकू जावा. दुकान म्हणजे गल्लीच्या टोकाची पत्र्याची शेड. एका भिंतीला पाइप वाकवायचं यंत्र, दुसऱ्या भिंतीला पाइपांचे गठ्ठे, मध्ये एका गाडीपुरती जागा. समोरच काचेचं दार असलेलं चकचकीत दुकान होतं, तिथे तयार बोल्टचे पिंजरे मिळत. त्या दुकानदाराला मास्तर 'बोल्टवाला' म्हणत, तो यांना 'चिकटवाला' म्हणे, आणि दिवसातून दोनदा दोघे एकाच टपरीवर चहा पीत.

तर एका रविवारी सकाळी शेडच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मास्तरांची मुलगी एका जुन्या हिरव्या, चौकोनी, पत्र्याच्या छताच्या गाडीतून खाली उतरली. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचं तिचं काम. आठवडाभर "हे अक्षर दिसतंय का, ते दिसतंय का" करून वैतागली की रविवारी गाडी घेऊन खडकांत शिरायचं, हा तिचा छंद. तिच्या बाजूला नकाशा धरून बसायचे, आणि आजही बसले होते, ते जावईबापू. ते औषधाच्या दुकानात कामाला, आणि बायकोच्या गाडीत बसायच्या आधी उलटीची गोळी घेणारे.

"बाबा, ओळखा बघू," ती म्हणाली.

मास्तरांनी ओळखली. हिरवा रंग दुसऱ्यांदा दिलेला होता, पण गाडी तीच.

"जनावरांच्या डॉक्टरांची ना?" तीच पुढे म्हणाली. "दोन हातांतून फिरून आली आणि मी उचलली. तीन आठवड्यांनी जुन्या खाणीतली शर्यत आहे, तिथे हीच उतरवणार. विकणारा म्हणत होता, आतला पिंजरा चौदा वर्षांचा झालाय, काढून बोल्टचा बसवा. मी म्हटलं, वेडे आहात का? हा माझ्या बाबांनी जोडलाय. चांगली भांडले त्याच्याशी." तिने दार उघडून पिंजऱ्याच्या पायाशी बोट ठेवलं. "ही बघा तुमची टिंबं. एक कमी पडलंय, पण चालेल."

पायावर छिन्नीने उठवलेली तीन टिंबं होती. मास्तरांच्या कामावर चार टिंबं असतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तीन का आणि चार का, हे मात्र एकट्या मास्तरांना ठाऊक होतं, आणि ते गाडीच्या दाराला धरून उभे राहिले.

"ठेवून जा," ते म्हणाले. "बघतो जरा."

"पण चांगला आहे ना?"

जावईबापूंना नंतर आठवलं, की सासऱ्यांनी त्या वेळी 'पक्कं' म्हटलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं नसावं.

आता ही टिंबांची भानगड सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पत्र्याच्या छताच्या गाडीत पिंजऱ्याचे वरचे सांधे छताला अगदी खेटून असतात. पाइपाची खालची आणि बाजूची कड दिसते, तिथे वेल्डिंग आरामात होतं. पण छताकडची कड दिसत नाही आणि तिथे हातही शिरत नाही. म्हणून खरा कारागीर काय करतो, तर पिंजऱ्याच्या प्रत्येक पायाखाली गाडीच्या तळाला भोक पाडतो आणि अख्खा पिंजरा वीतभर खाली सोडतो. छत आणि पाइप यांच्यात जागा झाली की वरून गोल फिरून वेल्डिंग पुरं करायचं, मग पिंजरा पुन्हा वर उचलायचा, भोकांवर पाट्या बसवायच्या आणि पाय चिकटवायचे. दोन दिवसांचं जास्तीचं काम, आणि वैताग असा की शिव्या तोंडात येतात.

मास्तर सुरुवातीला हे करत नसत. खालून दिसेल तेवढं जोडायचे, वरच्या न जोडलेल्या फटीत पुट्टी भरायचे आणि त्यावर रंग मारायचे. शर्यतीचे तपासनीस काय, मान वर करून बघायचे, पाइपावर बोटाची पेरं वाजवायचे आणि शिक्का द्यायचे. वर कोण बघतंय? असे बारा पिंजरे त्यांनी केले आणि बाराही पिंजऱ्यांवर ऐटीत तीन टिंबं उठवली.

मग लाकडाच्या वखारवाल्याची गाडी उतारावरून तीन कोलांट्या खाऊन खाली गेली. वखारवाला हात गळ्यात बांधून, पण दोन पायांवर चालत परत आला आणि पक्केमास्तरांनी जीव वाचवला म्हणून गावभर सांगत सुटला. गाडी मोडीत काढायला मास्तरांकडेच आली. छत सोलून त्यांनी आत बघितलं. मागचे दोन सांधे वरच्या बाजूने उघडले होते. पाइप खालच्या बोटभर वेल्डिंगवर लोंबत होता. आणखी एक कोलांटी बसली असती तर वखारवाला कुणाला काही सांगायला उरलाच नसता. मास्तरांनी शेडचं शटर अर्धं ओढलं आणि दुपारच्या जेवणाआधी त्या पिंजऱ्याचे हातभर लांबीचे तुकडे करून भंगारात टाकले.

त्या दिवसापासून त्यांनी एकही पिंजरा तळातून खाली सोडल्याशिवाय जोडला नाही, आणि चौथं टिंब तेव्हापासूनचं. पण आधीचे अकरा पिंजरे बाहेर फिरत होते. सांगायचं त्यांच्या मनात होतं. या आठवड्यात सांगू, हे काम उरकलं की सांगू, असं चाललं होतं, तोवर वखारवाल्याच्या तोंडभर कौतुकाने दारात गाड्यांची रांग लागली. ज्या कामाने त्यांचं नाव झालं तेच काम खोटं होतं, आणि आता ते सांगायला जीभ उचलेना. मूग गिळून बसले, चौदा वर्षं. बोल्टच्या पिंजऱ्यांना मोठमोठ्याने हसायची सवय त्यांना याच काळात लागली, हेही सांगून ठेवतो. घाबरलेला माणूस आवाज वाढवतो.

सोमवारी त्यांनी हिरव्या गाडीचं आतलं अस्तर उतरवलं. मनात वेडी आशा होती, की याच एका गाडीत आपण नीट काम केलेलं असेल, आपल्यालाच आठवत नसेल. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा त्यांनी पाइपामागे सरकवला. रंग गुळगुळीत दिसला. पातळ पात्याने त्यांनी हळूच खरवडलं. रंग गेला आणि खालून पांढुरकी पुट्टी भुगा होऊन त्यांच्या मनगटावर पडली. दुसरा सांधा बघितला, तिसरा बघितला, चौथा बघितला. चारही तसलेच निघाले. या गाडीत पोटची पोर बसणार होती, आणि शेजारी तो गोळ्या खाणारा भला माणूस.

बुधवारी संध्याकाळी मुलगी आणि जावई घरी आले. चहा झाला आणि मास्तरांनी घसा साफ केला.

"मी विचार करतोय," ते म्हणाले, "तुझ्या गाडीला बोल्टचा पिंजरा बरा पडेल."

बायकोच्या हातातली बशी तशीच राहिली. "अहो, ताप आहे का तुम्हाला?"

"थट्टा नको. गाडी जुनी आहे. वेल्डिंगच्या पिंजऱ्याने गाडी ताठ होते, सगळा हिसका पत्र्याला बसतो. उद्या विकायची झाली, मागचं सीट काढायचं झालं, तर बोल्टचा सोडवता येतो."

"सोडवता येतो म्हणूनच तुम्ही त्याला कॉट म्हणता ना?" मुलगी हसायला लागली.

"मला विचाराल तर," जावईबापूंनी बोट वर केलं, "मला कॉटच आवडेल. बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे."

"तुम्हाला घरीच बसायला आवडेल," ती नवऱ्याला म्हणाली आणि बापाकडे वळली. "बाबा, खाणीत उतार कसा आहे माहितीये ना? उलटली तर आडवी नाही, उभी कोलांटी खाईल. बोल्टच्या पिंजऱ्याचा पाय तळ फाडून खाली जातो, हे मला दहा वर्षांची असताना कुणी शिकवलं? तळ आणि पिंजरा एक असेल तरच माणूस वाचतं, हे रोज जेवताना कोण सांगायचं?"

"मीच."

"मग आता काय झालं? मी बाई आहे म्हणून? की तुमचं वय झालं म्हणून तुम्हाला सगळीकडे अपघात दिसायला लागलेत?"

मास्तरांना तिचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. "बोल्टचा पिंजरा बाहेर काढून बघता येतो," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. "एकेक सांधा हातात घेऊन चहूबाजूंनी तपासता येतो. वेल्डिंगच्या पिंजऱ्यात ते जमत नाही. तिथे वेल्डरवर विश्वास ठेवावा लागतो."

"मग ठेवते की," ती म्हणाली. "वेल्डर माझा बाप आहे."

मास्तर उठून बाहेर गेले. नळ सोडून उगाचच हात धूत बसले. बायको दारात येऊन म्हणाली, "तीन दिवस ताटातलं निम्मं तसंच ठेवताय. काय झालंय ते मला तरी सांगा." ते म्हणाले, "काही नाही, पोट बिघडलंय." ती म्हणाली, "पोट बिघडलं की तुम्ही सगळ्या गल्लीला सांगत फिरता." आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ते रस्ता ओलांडून बोल्टवाल्याच्या काचेच्या दुकानात गेले. इतक्या वर्षांत त्या दुकानात त्यांचा पाय पडला नव्हता. बोल्टवाल्याने आधी डोळे चोळले, मग खुर्ची पुसली. "चिकटवाले वाट चुकले का?" मास्तरांनी गाडीचं नाव सांगितलं आणि तिच्या मापाचा तयार पिंजरा विचारला. हा गडी पोट धरून हसेल आणि संध्याकाळपर्यंत टपरीवर आपली फजिती होईल, अशी त्यांची तयारी होती. पण बोल्टवाला त्यांच्या तोंडाकडे बघून हसायचं विसरला. त्याने दोन ठिकाणी फोन केले आणि मान हलवली. इतक्या जुन्या गाडीचा पिंजरा मागवला तर यायला सहा आठवडे लागणार होते.

"कुणासाठी हवाय मास्तर?"

"आहे एक गिऱ्हाईक."

शर्यत अडीच आठवड्यांवर आली होती.

शेडमध्ये परत येईपर्यंत मास्तरांच्या डोक्यात दुसरी वाट सुचली होती. पिंजरा बदलायचाच कशाला? पाय कापायचे, तळाला भोकं पाडायची, पिंजरा खाली सोडायचा, पुट्टी खरवडून वरच्या कडा आता जोडायच्या, पुन्हा उचलून बसवायचा. चौदा वर्षांपूर्वी जे करायचं राहिलं ते आता करायचं. कुणाला कळणार नाही, पोरीचा जीव सुरक्षित राहील आणि नावही राहील. त्यांना एकदम हलकं वाटलं. त्या दुपारी ते ताट पुसून जेवले आणि बायकोने आश्चर्याने आणखी वाढलं.

शुक्रवारी त्यांनी चार पाय कापले. शनिवारी उरलेले दोन कापून पिंजरा खाली सोडायचा, असा बेत होता. पण शनिवारी दुपारी चष्म्याच्या दुकानाला सुट्टी असते, हे ते घाईत विसरले.

ते मागच्या पायाला ग्राइंडर लावून बसले होते. ठिणग्या थांबल्या आणि त्यांनी डोळ्यांवरची काच वर केली, तेव्हा मुलगी गाडीच्या दारात उभी होती. ती कापलेल्या पायांकडे बघत होती.

"बाबा, हे काय?"

"तळ गंजला होता," मास्तर म्हणाले. "नव्या पाट्या मारतोय."

ती वाकली आणि तळावरून हात फिरवला. तळाचा पत्रा स्वच्छ होता, कापलेल्या जागी चांदीसारखा चकाकत होता. मग ती आत चढली. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत वाकून बघणारी बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार. छताचं अस्तर काढलेलं तिने बघितलं. सीटवर पडलेला छोटा आरसा तिने उचलला आणि पाइपामागे धरला. पहिल्या कोपऱ्यात धरला, दुसऱ्या कोपऱ्यात धरला, मग मागच्या दोन्ही कोपऱ्यांत धरला. खरवडलेल्या फटीत तिने नख घातलं. नख आत गेलं.

मास्तर ग्राइंडर हातात धरून तसेच उकिडवे बसले होते. अजूनही काहीतरी सांगता आलं असतं, दुसऱ्या कुणी हात लावलाय, नंतर कुणी कापलंय, असं काहीही. तेवढ्या वेळात त्यांना तीन थापा सुचल्या आणि तिन्ही चांगल्या होत्या.

"इथे वेल्डिंग नाहीये," ती म्हणाली.

"नाही."

"चारही कोपऱ्यांना नाहीये. पुट्टी भरलीय. कुणी भरली?"

"मी," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बारा पिंजरे, तीन टिंबं, वखारवाल्याची गाडी, अर्धं ओढलेलं शटर. आवाज बारीक झाला होता, शेजारच्या टायरवाल्याला सोडाच, तिलाही पुढे वाकून ऐकावं लागत होतं. ऐकून झाल्यावर ती गाडीतून उतरली आणि पाइपांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली.

"मी त्या माणसाशी भांडले," ती म्हणाली. "तुमचं नाव घेऊन भांडले. तो चांगलं सांगत होता मला."

"हो."

"आणि बुधवारी तुम्ही समोर बसून मला बोल्टचे फायदे समजावत होतात. तेव्हा तोंड उघडता आलं नाही? माझं सोडा, हे बसणार होते ना माझ्या शेजारी? त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"मला भीती वाटत होती."

"कसली? मी मरेन याची, की लोकांना कळेल याची?"

मास्तरांनी ग्राइंडर खाली ठेवला. या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं आणि ते चांगलं नव्हतं. "इतकी वर्षं लोकांचीच," ते म्हणाले. "तू गाडी घेऊन आलीस तेव्हापासून तुझी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलेलं होतं. तिने ते बाहीने पुसलं. "मला तुमचा इतका राग आलाय की तुमच्याकडे बघवत नाहीये," ती म्हणाली, आणि खरंच भिंतीकडे तोंड करून बसली. पलीकडे टायरवाला हवा भरत होता.

"आता करतोय ना नीट," मास्तर शेवटी म्हणाले. "मंगळवारपर्यंत पुरा होईल. चहूबाजूंनी जोडतो, तू स्वतः आरसा घेऊन बघ. शर्यतीला काही अडचण यायची नाही."

ती वळली. "आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं म्हणजे?"

"अकरा म्हणालात. माझी एक झाली. उरलेल्या दहा गाड्यांत कोण बसतं?"

गेल्या सहा दिवसांत त्यांनी फक्त एका हिरव्या गाडीचा विचार केला होता. बाकीच्या गाड्यांना मुली नव्हत्या असं थोडंच होतं?

तिने पर्समधून चष्म्याच्या नंबरांचे कागद काढले, त्यातला एक उलटा केला आणि पेन उघडलं. "आठवेल तेवढं सांगा. सगळं आठवणार नाही, माहितीये मला. चौदा वर्षं झालीत. जेवढं आठवेल तेवढं."

"दगडखाणीला यंत्रं पुरवणारे दोघे भाऊ," मास्तर म्हणाले. "करड्या रंगाची. अजून थोरल्याकडेच आहे. दुसरी विहिरी खोदणाऱ्याची, ती त्याने मेव्हण्याला दिली. तिसरी शाळेतल्या व्यायामाच्या मास्तरांची, पांढरी, त्यांच्या मागे त्यांची बायको चालवते. चौथी फोटो काढणाऱ्याची. ती विकली, आता धरणावरच्या इंजिनिअरकडे आहे, डाव्या बाजूचा आरसा फुटलेला आहे. पाचवी नर्सरीवाल्या बाईंची. सहावी..."

ते थांबत नव्हते, आठवायला वर बघत नव्हते. कुणाची, कुठल्या रंगाची, किती हातांतून गेली, आता कोण बसतं, एका दमात दहाच्या दहा गाड्या सांगून झाल्या. मुलीचं पेन तिसऱ्या गाडीपाशीच थांबलं होतं.

"तुम्हाला पाठ आहे," ती म्हणाली.

"विचारत असतो इकडेतिकडे. कुठे आहे, कुणाकडे आहे."

"कधीपासून?"

"वखारवाल्याची आली तेव्हापासून. कुठे गाडी उलटली असं ऐकलं की आधी रंग विचारतो."

तिने कागद मांडीवर ठेवला आणि बापाकडे बघितलं. राग गेला नव्हता, तो काही लवकर जाणारही नव्हता. पण ती उठली आणि त्यांच्या शेजारी, काळ्या जमिनीवर, चांगल्या कपड्यांनिशी बसली.

"फोन लावा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच. माझ्या गाडीचं नंतर बघू. रांगेत मी शेवटची."

"दुकान बंद पडेल, पोरी."

"पडेल कदाचित," ती म्हणाली. "लावा."

थोरल्या भावाचा नंबर मास्तरांकडे होता. त्याची गाडी अजून त्याच्याकडेच होती, आणि यादीतही तीच पहिली. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला आणि पलीकडून इंजिनाच्या घरघरीतून मोठा, आनंदी आवाज आला.

"अहो मास्तर, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ता तुमचंच नाव निघालं होतं. गाडीतच आहोत सगळे, पोरं मागे बसलीत. समोर ओढ्याचा उतार आहे, उभा. धाकटा पोरगा रडवेला झालाय, गाडीतून उतरायचं म्हणतोय. त्याला तेच सांगत होतो, अरे घाबरतोस काय, हा पक्केमास्तरांचा पिंजरा आहे."

मास्तरांनी डोळे मिटले. मुलीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

"बरोबर घाबरतोय तो," मास्तर म्हणाले. "उतारावर गाडी घालू नका. आहे तिथेच बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा, आणि मग मी काय सांगतो ते ऐका."

पलीकडे इंजिन बंद झालं. दारं उघडल्याचे आवाज आले, एक पोरगं काहीतरी विचारत होतं.

"उतरलो," थोरला भाऊ म्हणाला. आवाजातली मजा गेली होती. "बोला मास्तर."